पोटाचा आजार, पोटाबाहेरच्या खुणा: क्रोन्स, टीबी आणि एका पिशवीतले कागद

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



सुरुवात एका पिशवीपासून करते. परळच्या ओपीडीत ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना ही पिशवी माहीत आहे. साडीच्या दुकानात मिळालेली, बंद तुटत आलेली. आत केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीची पाकिटं, औषधांची रिकामी स्ट्रिप. घरातला प्रत्येक आजार या पिशवीत जातो, पण त्यातले सगळे कागद एकदम बाहेर काढून कुणी वाचत नाही.

समजा, अशीच एक पिशवी घेऊन लालबागची एक ताई माझ्यासमोर बसली आहे. वय तिशीच्या आत. ही कोणी एक खरी रुग्ण नाही. अनेकांच्या गोष्टींतून आजच्या बोलण्यासाठी मी तिला उभी केली आहे. तिच्या पिशवीतला पहिला कागद तीन वर्षांपूर्वीचा. डोळा लाल झाला, दुखत होता, उजेड सहन होत नव्हता. घरच्यांनी म्हटलं, डोळे आलेत. थेंब घातले, काही दिवसांनी बरं वाटलं. दुसरा कागद पायाच्या नडगीवरच्या लाल, दुखऱ्या गाठींचा. तिसरा सुजलेल्या गुडघ्याचा, त्यावर वेदनाशामक गोळ्या. मध्ये मध्ये तोंड यायचं, त्यासाठी बी-कॉम्प्लेक्स. हिमोग्लोबिन आठवर आलं, तर लोहाच्या गोळ्या. वजन उतरलं, तर "टेन्शन घेतेस". आणि अगदी शेवटचा कागद पोटाचा: जेवणानंतर उजव्या बाजूला खाली कळ, महिनोन्महिने जुलाब, अंगात बारीक कसर.

यातला एकेक कागद सुटा घेतला तर त्यावर लिहिलेलं फारसं चूक नाही. चूक इतकीच, की सहा कागद सहा टेबलांवर वाचले गेले. आणि हे मी दुसऱ्या कुणाला दोष देऊन बोलत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा सुजलेला गुडघा तपासून गोळ्या लिहून दिल्या आहेत आणि "पोट कसं आहे?" हा तीन शब्दांचा प्रश्न विचारलेला नाही. आजचं व्याख्यान त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

क्रोन्स म्हणजे काय?

आधी आजार थोडक्यात समजून घेऊ. आपली रोगप्रतिकारक यंत्रणा आतड्यातल्या जंतूंशी रोज जुळवून घेत असते. आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात, त्यातले बहुतेक आपले भाडेकरू आहेत, चोर नाहीत. काही माणसांत हे जुळवून घेणं बिघडतं. पहारेकरीच घरात तोडफोड करू लागतो, आणि आतड्याला दीर्घकाळ सूज राहते, व्रण पडतात.

क्रोन्सची तीन वैशिष्ट्यं लक्षात ठेवा. एक, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याचा शेवटचा भाग, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं, ही त्याची आवडती जागा. दोन, तो सलग पसरत नाही, मध्ये निरोगी आतडं सोडून पुढे पुन्हा उगवतो. तीन, तो आतड्याच्या भिंतीच्या वरच्या थरावर थांबत नाही, आरपार जातो. म्हणून आतडं आक्रसून अरुंद होतं, किंवा भिंतीला भोक पडून भगंदरासारखे मार्ग तयार होतात.

नाव आलं ते न्यूयॉर्कहून. १९३२ साली माउंट सायनाय रुग्णालयातले बरिल क्रोन, लिऑन गिंझबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १४ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. लेखकांची नावं इंग्रजी अद्याक्षरांच्या क्रमाने लागली, क्रोन पहिले आले, आणि आजाराला त्यांचं नाव चिकटलं. (हशा) खरं तर त्याआधी १९१३ साली ग्लासगोचे सर्जन डालझील यांनी अशाच रुग्णांबद्दल लिहिलं होतं. त्यांनी एक फार मार्मिक निरीक्षण नोंदवलं: हे टीबीसारखं दिसतं, पण टीबी नाही. हे वाक्य मनात ठेवा. आपल्या मुंबईत सगळी अडचण तिथेच आहे.

मुंबईत प्रश्न अवघड का होतो?

लंडनच्या डॉक्टरसमोर अशी ताई बसली, तर त्याच्या मनात पहिल्यांदा क्रोन्स येईल. आपल्याकडे पहिल्यांदा टीबी येतो, आणि यायलाच हवा. आपण कुठे राहतो ते बघा. गिरगावच्या चाळी, लालबाग-परळच्या गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोल्या, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार. क्षय या शहराच्या घराघरात राहून गेलेला पाहुणा आहे. शिवडीचं टीबी हॉस्पिटल कुणाला माहीत नाही असं घर या भागात सापडणार नाही.

टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो. आतड्याचाही होतो, आणि त्याचीही आवडती जागा नेमकी तीच: लहान आतड्याचं शेवटचं टोक. लक्षणं तीच: पोटदुखी, वजन घटणं, कसर, रक्त कमी होणं. दुर्बिणीने आत पाहिलं तर व्रण. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दोन्हींत पेशींच्या बारीक गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, दिसू शकतात. टीबीच्या गाठी बहुधा मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि मध्यभागी ऊती कुजून पनीरासारखी झालेली असते. तसं दिसलं तर टीबीच्या बाजूने मोठा पुरावा. पण प्रत्येक तुकड्यात ते दिसत नाही. शिवाय आतड्यातल्या टीबीत जंतू संख्येने कमी असतात, त्यामुळे तपासणीत जंतू सापडला तर टीबी नक्की, पण सापडला नाही म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही.

मग करायचं काय? इथे पिशवीतले जुने कागद कामाला येतात.

पोटाबाहेरच्या खुणा: चार प्रकारची नाती

क्रोन्स असलेल्या अनेकांना आतड्याबाहेर काही ना काही त्रास होतो. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण चौघांतल्या एकापासून निम्म्यापर्यंत येतं. स्वित्झर्लंडमधल्या रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत, २०१५ साली ती प्रसिद्ध झाली, असं दिसलं की बाहेरच्या खुणा असलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला पहिली खूण आतड्याच्या निदानाच्या आधीच दिसली होती. म्हणजे डोळा किंवा गुडघा आधी बोलला, पोट नंतर.

पण "संबंध आहे" असं म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतो. त्या वेगळ्या करू.

पहिलं नातं सावलीसारखं. पोट बिघडलं की हेही बिघडतं, पोट शांत झालं की हेही शांत. गुडघा, घोटा अशा मोठ्या सांध्यांची सूज बऱ्याचदा या प्रकारची. नडगीवरच्या लाल, दुखऱ्या गाठी याच प्रकारच्या. वारंवार तोंड येणं आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची वरवरची लाली, तीही बहुधा अशीच. यांचा मुख्य उपचार आतड्याचा उपचार.

दुसरं नातं भावंडांसारखं. आईवडील एक, स्वभाव स्वतंत्र. कंबर आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांची सूज यात येते. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर आखडलेली, हालचाल केल्यावर मोकळी होते, विश्रांतीने उलट वाढते. साध्या कंबरदुखीच्या हे अगदी विरुद्ध. तिचा आणि आतड्याचा संबंध दोन्ही दिशांनी आहे: मणक्याच्या या सांधेविकाराच्या रुग्णांची आतडी तपासली तेव्हा जवळपास निम्म्यांत सूक्ष्म सूज सापडली, पोटाची तक्रार नसतानासुद्धा. डोळ्याच्या आतल्या पडद्याची सूज, म्हणजे युव्हायटिस, हीदेखील स्वतंत्र स्वभावाची. पोट ठीक असताना डोळा पेटू शकतो. सोरायसिसही याच कुटुंबातला दूरचा भाऊ.

तिसरं नातं उधारीचं. आतडं आपलं काम करत नाही, म्हणून दुसरीकडे तूट पडते. बी-१२ हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषलं जातं. तोच भाग सुजला किंवा ऑपरेशनने काढला तर बी-१२ कमी, आणि हातापायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा. मुतखड्याचं गणित तर फार सुंदर आहे. चरबी नीट पचली नाही की ती आतड्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते. एरवी कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेतं. आता ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं, मूत्रपिंडात जाऊन खडा बनवतं. म्हणजे खडा मूत्रपिंडात, कारण आतड्यात. पित्ताशयातले खडे, ठिसूळ हाडं, रक्तक्षय हेही या खात्यात. मुलांमध्ये तर कधी कधी एवढीच खूण असते: मूल उंचीत मागे पडतं, वयात यायला उशीर होतो, आणि पोटाबद्दल ते फारसं काही सांगतही नाही.

चौथं नातं औषधांचं. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतली तर हाडं विरळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो. याची उलटी बाजू आपल्या ताईच्या गोष्टीत आहे. गुडघ्यासाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वगैरे, स्वतःच आतड्यात व्रण पाडू शकतात आणि आधीचा क्रोन्स चिघळवू शकतात. गुडघा आतड्यामुळे सुजला, गुडघ्यासाठी गोळी घेतली, गोळीने आतडं बिघडवलं. हे वर्तुळ मोडायला कुणीतरी दोन कागद शेजारी ठेवावे लागतात.

या खुणा निदानाला कशी मदत करतात?

आपल्याच शहरातले एक डॉक्टर या कामासाठी आठवावेत असे आहेत. मरीन लाइन्सच्या बॉम्बे हॉस्पिटलमधले पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर. त्यांनी सहकाऱ्यांसोबत २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा विषयच असा होता: जिथे टीबी सर्वत्र आहे अशा भारतात क्रोन्सचं निदान कसं करायचं? क्रोन्सचे आणि आतड्याच्या टीबीचे रुग्ण शेजारी ठेवून त्यांनी तुलना केली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना त्यांचं नाव वेगळ्या कारणाने आठवत असेल. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात ते घरी परतत होते. गाडी सोडून पायी निघाले आणि एल्फिन्स्टन रोड परिसरात पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी वरळीला त्यांचा मृतदेह सापडला. इथून ती जागा चालत जाण्याइतकी जवळ आहे. त्या बातमीत त्यांचं आयुष्यभराचं काम थोडं झाकलं गेलं, म्हणून आज मुद्दाम सांगितलं.

अशा अभ्यासांतून, आपल्या देशात दिल्ली-मुंबईपासून दक्षिणेपर्यंत झालेल्या, एक चित्र तयार होत गेलं. आजार जुना, जुलाब दीर्घकाळचे, शौचातून रक्त, गुदद्वाराजवळ भगंदर किंवा चिरा, आणि सांधे-डोळे-त्वचा-तोंड यांच्या खुणा, असं असेल तर पारडं क्रोन्सकडे झुकतं. चांगला ताप, पोटात पाणी, छातीच्या एक्स-रेवर डाग, आजाराचा काळ कमी, असं असेल तर टीबीकडे. दुर्बिणीतून लांबट, उभे व्रण आणि मध्ये मध्ये निरोगी पट्टे दिसले तर क्रोन्स. आडवे, वेढा घालणारे व्रण दिसले तर टीबी.

"झुकतं" हा शब्द मी जपून वापरते. नडगीवरच्या गाठी टीबीतही येतात. डोळ्याच्या आतली सूज टीबीतही येते. म्हणजे एकच खूण पकडून निकाल लावता येत नाही. पण पाच खुणा एका ओळीत, तारखांसह समोर आल्या, की चित्र उठून दिसतं. आणि तारखा फक्त रुग्णाकडे असतात, डॉक्टरकडे नाही.

चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी

क्रोन्सला टीबी समजलं तर काय होतं? टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स होतो. त्यातल्या काही औषधांनी यकृताला त्रास होऊ शकतो, पण त्याहून मोठं नुकसान वेळेचं. तितके महिने आतडं आतून आक्रसत राहतं, आणि अरुंद झालेला भाग नंतर औषधाने उघडेलच असं नाही, कापावा लागू शकतो.

टीबीला क्रोन्स समजलं तर? क्रोन्सची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. आत टीबी असेल तर तो मोकाट सुटतो. इन्फ्लिक्सिमॅब नावाचं औषध पाश्चात्त्य देशांत आलं, तेव्हा २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ७० टीबीग्रस्त रुग्णांची नोंद केली, औषध सुरू झाल्यावर टीबी उफाळलेल्यांची. तेव्हापासून असं औषध देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करण्याचा नियम जगभर आहे. आपल्याकडे तर तो डोळ्यांत तेल घालून पाळायला हवा.

म्हणून खरोखर शंका उरते तेव्हा आपल्याकडे सहसा टीबीचं औषध आधी देतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात. हे पाहणं टाळू नका. नुसतं "बरं वाटतंय" एवढ्यावर विसंबता येत नाही, कारण टीबीच्या औषधांवर क्रोन्सच्या काही रुग्णांनाही तात्पुरतं बरं वाटतं. बरं वाटणं वेगळं, व्रण भरणं वेगळं.

मुंबईत यात आणखी एक गाठ आहे. औषधाला दाद न देणारा टीबी. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांचा टीबी तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद देत नव्हता. त्यावर मोठी चर्चा झाली. आपल्यासाठी धडा असा: व्रण भरले नाहीत म्हणजे लगेच क्रोन्स, असं इथे म्हणता येत नाही. तुकडा पुन्हा तपासून औषधरोधक टीबी नाही ना, हे बघावं लागतं.

सगळंच एका सुतात ओवू नका

आता उलट बाजू. एकदा का नाती दिसू लागली की सगळीकडे दिसायला लागतात. केस गळतात, क्रोन्स. झोप लागत नाही, क्रोन्स. सासूशी पटत नाही, तेही आतड्यामुळेच. (हशा) इथे सावध राहावं लागतं.

मुंग्या येतात, बी-१२ कमी आहे. आपल्याकडे शाकाहारी घरांत हे फार आढळतं, त्यासाठी क्रोन्स लागत नाही. बाईचं हिमोग्लोबिन कमी, तर आधी पाळीचा रक्तस्राव आणि आहार विचारायचा. तोंड येतं, तर तंबाखू, गुटखा, तीक्ष्ण दात, लोह-बी-१२ ची कमतरता ही कारणं आधी. सामान्य कारण आधी तपासावं, पण ते तपासून उत्तर मिळालं नाही, उपचार करूनही तक्रार परत येत राहिली, तर तिथे थांबू नये.

संबंध शोधण्याच्या हौसेची एक मोठी गोष्ट सांगते. गाईगुरांना योने नावाचा आतड्याचा आजार होतो, १८९५ साली जर्मनीत त्याचं वर्णन झालं. टीबीच्या जंतूच्या नात्यातला एक जंतू त्याला कारण. डालझील यांनी १९१३ मध्येच म्हटलं होतं की माणसाचा हा आजार त्या गुरांच्या आजारासारखा दिसतो. पुढे काही क्रोन्स रुग्णांच्या आतड्यात हा जंतू सापडलाही. मग ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांना दोन वर्षं या जंतूविरुद्ध तीन औषधं देऊन चाचणी केली. २००७ मध्ये निष्कर्ष आला: सुरुवातीचे काही आठवडे फरक दिसला, टिकाऊ फायदा दिसला नाही. म्हणजे जंतू सापडणं आणि त्या जंतूने आजार होणं यात अंतर आहे. जनुकांचंही तसंच. २००१ मध्ये पाश्चात्त्य रुग्णांत एनओडी-२ या जनुकातले काही बदल सापडले. आपल्या लोकांत ते बदल क्वचितच दिसतात, तरी क्रोन्स होतोच. दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या कुलुपाला लागत नाही.

एक पान

मग हातात काय घेऊन जायचं? एक पान. पिशवीतले सगळे कागद जमिनीवर पसरा, तारखेप्रमाणे लावा, आणि एका पानावर उतरवा. डावीकडे महिना-वर्ष, उजवीकडे त्रास: डोळा, तोंड, त्वचा, सांधे, कंबर, पोट, शौच, वजन, ताप. कोणती औषधं घेतली, विशेषतः वेदनाशामक. घरात कुणाला टीबी झाला होता का, कधी, किती महिने औषध घेतलं. कुणाला आतड्याचा, मणक्याचा आजार, सोरायसिस आहे का. सिगरेट-विडी ओढता का, कारण धूम्रपानाने क्रोन्स बळावतो. भगंदराचं ऑपरेशन दोनदा-तीनदा झालं असेल तर ते ठळक लिहा.

तक्रार महिनाभराहून जास्त चालली असेल तर डॉक्टरांना विचारा: शौचातली कॅल्प्रोटेक्टिन तपासणी उपयोगाची आहे का? आतड्याला खरोखर सूज आहे की नुसतं पोट संवेदनशील आहे, हे ओळखायला ती मदत करते. मात्र सूज क्रोन्सची की टीबीची, हे ती सांगत नाही.

काही गोष्टींसाठी मात्र पान लिहीत बसू नका, लगेच जा. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतंय: त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, कारण उशिराने नजर जाऊ शकते. एकच पाय अचानक सुजला किंवा दम लागला: क्रोन्समध्ये रक्तात गुठळी होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारा सरत नाही: आतडं अडकलेलं असू शकतं.

त्या ताईच्या पिशवीत आजाराची तीन वर्षं होती. ती एका पानावर आली असती, तर कदाचित दुसऱ्याच वर्षी कुणीतरी विचारलं असतं, "पोट कसं आहे?" डॉक्टरकडे पाच मिनिटं असतात. ती पाच मिनिटं कशावर खर्च व्हायची, हे त्या पानाने ठरतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: तुम्ही गुरांच्या आजाराबद्दल बोललात. मग दूध बंद करावं का?

उत्तर: त्या कारणासाठी नाही, काका. तो जंतू दुधातून येऊन क्रोन्स करतो हे सिद्ध झालेलं नाही. आपण दूध उकळून घेतो, ती सवय चांगलीच आहे. दूध प्यायल्यावर पोट गुबारत असेल, जुलाब होत असतील, तर दुधातली साखर पचत नसेल. ती वेगळी गोष्ट. पण क्रोन्सच्या रुग्णाची हाडं आधीच नाजूक असतात, उगीच दूध सोडलं तर कॅल्शियम जातं. दही, ताक सोसत असेल तर घ्या.

प्रश्न: माझ्या सुनेला आतड्याचा टीबी सांगितलाय. तीन महिने गोळ्या झाल्या, छान वाटतंय, वजन वाढलंय. पुन्हा दुर्बीण करायला ती तयार नाही.

उत्तर: वजन वाढलं ही फार चांगली बातमी, काकू. गोळ्या एक दिवसही चुकवू देऊ नका. दुर्बिणीबद्दल तिच्या डॉक्टरांना एकच विचारा: तुकड्यात टीबी पक्का ठरला होता, की अंदाजावर औषध सुरू केलं? पक्का ठरला असेल तर ते कदाचित आग्रह धरणार नाहीत. अंदाजावर असेल तर तिला समजावा, की ही तपासणी पुढची दहा वर्षं वाचवण्यासाठी आहे. पोट साफ करायचं औषध पिणं नकोसं असतं, खरं आहे. त्या दिवशी तुम्ही सोबत बसा. सोबत असली की होतं.

प्रश्न: मला महिन्या-दोन महिन्यांनी तोंड येतं. मी लगेच तपासणी करू का?

उत्तर: पोट ठीक आहे? वजन टिकून आहे? सांधे, डोळे? सगळं ठीक ना? मग घाबरू नका. लोह, बी-१२ तपासा, दात दाखवा, तंबाखू असेल तर सोडा. एकच व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर मात्र तो कर्करोग नाही ना, हे दाखवायलाच हवं. आणि तुमच्या पानावर आजची तारीख टाका: "तोंड आलं." पुढे कधी दुसरं काही झालं, तर ही ओळ कामाला येईल.